काट्यावरचा जुना संगणक आणि मधला निरोप्या



गेल्या हंगामात गव्हाणीत मोळी पडून जेमतेम आठवडा झाला असेल-नसेल, तोच आपल्या वजनकाट्यावर एक प्रकार घडला. गाड्या नेहमीप्रमाणे काट्यावर चढत होत्या, वजन होत होते, गाडीवानाच्या हातात पावती पडत होती. पण गट कार्यालयात जाऊन कोणी आपले टनेज विचारले, तर लिपिक सांगे, "अजून नोंद दिसत नाही." मोबाईलवर येणारा वजनाचा संदेशही बंद पडला होता. हे असे दोन दिवस चालले. तिसऱ्या दिवशी नोंदी दिसू लागल्या, परंतु तोवर चावडीवर आणि चहाच्या टपरीवर एकच बोलणे सुरू झाले होते : "नवा कॉम्प्युटर आणलाय म्हणे. आता काटामारी पडद्याआड."

पुढे वार्षिक सभेत एका वडीलधाऱ्या सभासदांनी उभे राहून विचारले, "पावती एका मशीनमधनं निघते, हिशेब दुसऱ्या मशीनमधनं होतो. मधल्या वाटेत आमचा ऊस कुठं सांडतो काय, एवढंच सांगा." त्यावर सभेत उत्तर दिले गेले ते असे : "तांत्रिक अडचण होती, ती दूर केली आहे." उत्तर खोटे नव्हते, पण त्याने कोणाचे समाधान झाले नाही, आणि होण्यासारखे ते नव्हतेही. 'तांत्रिक अडचण' हे दोन शब्द ऐकले की सामान्य माणसाला ते पांघरूण वाटते. म्हणून मधल्या वाटेत नेमके काय असते, काय बिघडले होते आणि वजनात फेरफार होण्याची जागा असलीच तर ती कोठे असते, याचा खुलासा आम्ही येथे करीत आहोत. लेख थोडा लांबला आहे. तरी सवडीने, शक्यतो घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना जवळ बसवून वाचावा, ही विनंती.

संगणक मुळात एकलकोंडा

आज फोनपासून टीव्हीपर्यंत सर्व काही एकमेकांना जोडलेले असते. त्यामुळे संगणक जन्मतःच जोडलेला असतो असे नव्या पिढीला वाटते. तसे मुळीच नाही. आयबीएम कंपनीने १९८१ साली आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला, तेव्हा ते यंत्र एका टेबलावर एका माणसाने एकट्याने काम करण्यासाठी होते. त्याचा कारभार चालवणारी 'डॉस' नावाची प्रणाली फक्त आपल्या घरातल्या वस्तू ओळखत असे. फ्लॉपीच्या खणाला 'ए', आतल्या तबकडीला म्हणजे हार्ड डिस्कला 'सी'. याच्या पलीकडे जग आहे, याची तिला दादच नसे.

मग शेतकी विभागाची नोंद लेखा विभागाला हवी असेल तर काय करायचे? फ्लॉपीवर उतरवायची, शिपायाच्या हाती द्यायची, त्याने ती पलीकडच्या इमारतीत न्यायची. फ्लॉपी वाटेत भिजली, वाकली, खिशात राहिली, तर नोंद गेली. शिवाय दोन ठिकाणी दोन प्रती झाल्या की खरी कोणती, हा वाद ठरलेला. आपल्याच कारखान्यात एके काळी हे सारे झाले आहे. जुन्या कर्मचाऱ्यांना ते दिवस आठवत असतील.

यावर उपाय निघाला तो असा. सर्वांची नोंद एका मोठ्या संगणकात ठेवायची, त्याला म्हणायचे 'सर्व्हर'. बाकीचे टेबलावरचे संगणक तारेने त्याला जोडायचे. जो मागतो तो 'क्लायंट', जो पुरवतो तो सर्व्हर. वकिलाकडे सल्ला मागायला जाणाऱ्यालाही क्लायंट म्हणतात, तोच हा शब्द.

पण नुसती तार जोडून भागत नाही. विजेची तार दिव्याला जोडली की दिवा लागतो, तसे येथे होत नाही. ज्या यंत्राला पलीकडचे जगच ठाऊक नाही, त्याला तार दिसून उपयोग काय? म्हणून त्या एकलकोंड्या संगणकात एक मध्यस्थ बसवावा लागतो. हा मध्यस्थ म्हणजे एक प्रोग्रॅम असतो. त्याला 'क्लायंट सॉफ्टवेअर' म्हणतात. आम्ही या लेखात त्याला सरळ 'निरोप्या' म्हणणार आहोत.

निरोप्याचे काम : आपल्या गटातला चिटबॉय आठवा

आपल्या लागणीची नोंद कशी होते ते पाहा. आपण काही कारखान्यावर खेटे घालत नाही. गटातला चिटबॉय बांधावर येतो. आपण आपल्या भाषेत सांगतो, "ओढ्याकडच्या दीड एकरात आडसाली लावलीय." तो ते कारखान्याच्या ठरलेल्या नमुन्यात लिहितो, गट क्रमांक, क्षेत्र, जात, लागणीची तारीख भरतो, कार्यालयात पोचवतो आणि पोच घेऊन परत येतो. आपल्या दृष्टीने जणू कार्यालयच बांधावर आले.

निरोप्या प्रोग्रॅम हेच करतो. हिशेबाचा प्रोग्रॅम नेहमीच्या सवयीने म्हणतो, "एफ नावाच्या खणातली अमुक फाईल उघड." आता 'एफ' नावाचा खण त्या संगणकात नसतोच. निरोप्या मध्ये उभा असतो. मागणी 'सी'ची असेल तर तो ती जाऊ देतो, 'एफ'ची असेल तर वाटेतच उचलतो, सर्व्हरला समजेल अशा नमुन्यात लिहितो, तारेवर सोडतो, उत्तर आले की ते प्रोग्रॅमच्या हाती ठेवतो. प्रोग्रॅमला वाटते, खण येथेच आहे. या फसवणुकीत नुकसान कोणाचेच नाही, उलट सोय अशी की जुना प्रोग्रॅम एका अक्षरानेही न बदलता जाळ्यावर चालू लागतो.

याचे फार गाजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतील युटा राज्यातल्या नॉव्हेल कंपनीची 'नेटवेअर' ही प्रणाली. ती १९८३ साली आली आणि पुढची दहा-बारा वर्षे जगभरच्या कचेऱ्या, बँका, कारखाने यांत तिचा मोठा दबदबा होता. भारतातही तिचे वापरदार पुष्कळ होते. तिच्यात डॉसच्या संगणकावर निरोप्या कसा बसवीत, ते पाहिले की सारे गणित उलगडते. कारण तेथे एकेक थर वेगळा दिसतो. आजच्या संगणकात ते सर्व थर आहेतच, फक्त झाकलेले आहेत.

चार पायऱ्या

सकाळी संगणक चालू केला की एकामागून एक चार छोटे प्रोग्रॅम चढत.

पहिला 'एलएसएल'. हा निव्वळ पायाचा दगड. वरच्या आणि खालच्या थरांची गाठ घालून देणारा.

दुसरा जाळ्याच्या कार्डाचा चालक, म्हणजे ड्रायव्हर. तार ज्या कार्डात खोचतात ते कार्ड अनेक कंपन्यांचे असे आणि प्रत्येकाची खोड निराळी. त्या काळी 'एनई २०००' जातीचे कार्ड फार चालत असे, त्याला त्याच नावाचा चालक. बैल बदलला की कासरा धरणाऱ्याला त्याची खोड ठाऊक हवी, तसे हे.

तिसरा 'आयपीएक्स' भाषेचा प्रोग्रॅम. निरोप कोणत्या पद्धतीने बांधायचा, पाकिटावर पत्ता कसा लिहायचा, हे ठरवणारा. दोन यंत्रे एकाच तारेवर असूनही भाषा जुळली नाही, तर एकमेकांना ओळखत नाहीत.

चौथा खुद्द निरोप्या. त्याचे नाव 'नेटएक्स', आणि १९९३ च्या सुमारास त्याच्या जागी आलेला 'व्हीएलएम'. हा चढला की 'एफ' खण दिसू लागे. मग नाव आणि परवलीचा शब्द विचारला जाई. सर्व्हर तपासून पाही, हा माणूस कोण, याला काय वाचण्याचा अधिकार आहे, काय लिहिण्याचा आहे. शेतकी विभागाच्या माणसाला लागणीची नोंद लिहिता येईल, पण बिलाचा आकडा नुसता पाहता येईल, अशी व्यवस्था त्यात होती. दोन लिपिकांनी एकाच वेळी एकाच सभासदाचे खाते उघडले, तर एकाचे लिहिणे पुरे होईपर्यंत दुसऱ्याला थांबवून ठेवण्याचीही सोय होती. एकाच बांधावर दोन नांगर नकोत, हा त्यातला हिशेब.

या चौघांना राहायला जागा लागे. आणि डॉसमध्ये प्रोग्रॅमसाठी हक्काची जागा सगळी मिळून ६४० किलोबाइट. आजच्या फोनमधल्या एका साध्या फोटोहूनही बहुधा कमी. चौघे निरोपे ऐसपैस बसले तर हिशेबाच्या प्रोग्रॅमला जागा उरत नसे. म्हणून त्यांना वरच्या माळ्यावर सरकवण्याची खटपट चाले. त्या वेळचे संगणक विभागातले लोक निम्मा दिवस याच कामात असत, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

तारांचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्या काळची तार टीव्हीच्या केबलसारखी गोल असे, एका संगणकाकडून दुसऱ्याकडे माळेसारखी गेलेली. दोन्ही टोकांना ५० ओहमची एकेक टोपी असे. ती टोपी निघाली तर तारेतला संदेश उघड्या टोकावर आपटून उलटा फिरे आणि सारे जाळे बंद पडे. आमच्या लेखा विभागात दिवाळीच्या साफसफाईत ही टोपी कोणीतरी 'कसला तरी तुकडा' म्हणून काढून ठेवली आणि अख्खी कचेरी दुपारपर्यंत बसून राहिली. यंत्रात बिघाड नाही, प्रोग्रॅममध्ये नाही, बिघाड होता केराच्या टोपलीत.

भाषा न जुळल्याची गोष्टही त्याच काळातली. नेटवेअरच्या ३.११ पर्यंतच्या आवृत्त्या पाकीट एका पद्धतीने बांधत. ३.१२ पासून ठरलेली पद्धत बदलली. तार तीच, कार्ड तेच, पण सर्व्हर नवा बसवला की जुने संगणक "सर्व्हर सापडत नाही" म्हणून अडून बसत. एका फाईलमध्ये एक ओळ बदलली की पुन्हा चालू. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण आपल्या काट्यावर जे झाले, ते हेच, फक्त तीस वर्षांनी आणि जरा मोठ्या प्रमाणात.

पुढे काय झाले

१९९५ साली 'विंडोज ९५' आली. तिने निरोप्याला घरातच खोली दिली. बाहेरून आणून बसवण्याची गरज फारशी उरली नाही. तिच्या पडद्यावर जाळ्याची खिडकी उघडली की चार प्रकारचे घटक दिसत : क्लायंट, अडॅप्टर म्हणजे कार्ड, प्रोटोकॉल म्हणजे भाषा, आणि सर्व्हिस म्हणजे आपल्याकडची वस्तू दुसऱ्याला देण्याची सोय. वर सांगितलेल्या पायऱ्यांचेच हे नवे रूप. पुढे इंटरनेटचा पसारा वाढला, तशी त्याचीच 'टीसीपी-आयपी' ही भाषा सर्वत्र रूढ झाली. नेटवेअरनेही १९९८ साली आपल्या पाचव्या आवृत्तीत ती भाषा थेट स्वीकारली. परंतु तोवर बाजार बराचसा मायक्रोसॉफ्टकडे वळला होता.

मायक्रोसॉफ्टच्या निरोप्याची फाईल मागण्याची जी बोली आहे तिला 'एसएमबी' म्हणतात. तिचीही पहिली, दुसरी, तिसरी अशा पिढ्या आहेत. जोडणी होताना निरोप्या आधी सांगतो, "मला या या बोली येतात." सर्व्हर त्यांतली एक निवडतो आणि मग बोलणे सुरू होते. एकही सामाईक बोली निघाली नाही, तर बोलणे सुरूच होत नाही. २००१ साली आलेल्या 'विंडोज एक्सपी'ला फक्त पहिली बोली येते. दुसरी बोली तिच्या नंतरच्या 'व्हिस्टा'पासून आली.

आपल्या काट्यावर काय झाले

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या काट्यावरचा संगणक विंडोज एक्सपीचा आहे. तो अजून का ठेवला, असे कोणी विचारील. काट्याच्या प्लॅटफॉर्मखाली लोड सेल बसवलेले आहेत, गाडीच्या भाराने ते किंचित दबतात आणि त्या दाबाचा विजेचा इशारा इंडिकेटरकडे जातो. इंडिकेटर त्याचा आकडा करतो. तो आकडा जुन्या धाटणीच्या सिरियल तारेने संगणकात येतो आणि कार्बनच्या तीन प्रतींवर छापला जातो. हे सारे जमवून देणारा प्रोग्रॅम त्याच संगणकासाठी लिहिलेला आहे आणि लिहिणारे गृहस्थ आता या व्यवसायात नाहीत. काटा बदलायचा तर नवा प्रोग्रॅम, त्याची चाचणी आणि वैध मापन शास्त्र विभागाची पडताळणी, हे सारे हंगाम बंद असतानाच करावे लागते.

गेल्या पावसाळ्यात आम्ही कचेरीतला सर्व्हर बदलला. जुना थकला होता, तेव्हा निर्णय योग्यच होता. पण अलीकडच्या सर्व्हरमध्ये पहिली बोली मुळातच बसवलेली नसते. कचेरीतले सर्व संगणक नवे, त्यामुळे ते सुरळीत जोडले गेले. काट्याचा संगणक हंगाम नसल्याने बंद होता, तो तपासला गेला नाही. हंगाम सुरू होऊन गाड्यांची रीघ लागल्यावर त्याचा निरोप्या जुन्या बोलीत हाका मारू लागला आणि पलीकडून ओ येईना.

येथे चूक यंत्राची नव्हती, आमची होती. मोळी टाकण्याआधी काट्यापासून बिलापर्यंत एक लटकी गाडी चालवून पाहणे आमचे काम होते, ते राहून गेले. आणि बिघाड कळल्यावर पहिल्याच दिवशी काट्यावर फलक लावून सभासदांना सांगणे हेही आमचेच काम होते, ते तर अजिबात झाले नाही. अफवा उठली ती या दुसऱ्या चुकीतून.

वजन मात्र सांडले नव्हते. काट्याचा प्रोग्रॅम प्रत्येक वजन आधी आपल्याच डिस्कवर लिहितो, पावती छापतो आणि नंतर निरोप्याकडे देतो. निरोप्या अडला तरी पहिल्या दोन गोष्टी झालेल्या असतात. तिसऱ्या दिवशी संगणक विभागाने ती फाईल हाताने नेऊन सर्व्हरवर चढवली आणि पावतीच्या कार्यालयीन प्रतींशी क्रमांकवार ताळा घेतला. एकही पावती गहाळ निघाली नाही. घाईत काही पावत्यांवर सभासदाचा कोड नंबर चुकला होता, तो मूळ तोड चिठ्ठी पाहून दुरुस्त केला.

जुनी बोली परत का चालू केली नाही

काही जाणकार सभासदांनी विचारले, "सर्व्हरवर जुनी बोली चालू करायची, पाच मिनिटांचं काम. एवढा व्याप कशाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तर २०१७ सालात आहे.

त्या वर्षी १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम जगभर पसरला. एसएमबीच्या पहिल्या बोलीत राहिलेल्या एका भगदाडातून तो एका संगणकातून दुसऱ्यात शिरत होता. कोणी काही उघडण्याची, दाबण्याची गरजच नव्हती. शिरला की सर्व फायली कुलूपबंद करून खंडणी मागे. दीडशेच्या वर देशांत दोन लाखांहून अधिक संगणक त्यात सापडले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. गंमत म्हणा की शोकांतिका, त्या भगदाडावरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिलेले होते. बळी पडलेले बहुसंख्य संगणक एक्सपीचेही नव्हते, ते 'विंडोज ७'चे होते. त्यांना ठिगळ लावायचे राहून गेले होते. एक्सपीची नियमित देखभाल तर कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबवली होती. या प्रकरणात अपवाद म्हणून तिच्यासाठीही ठिगळ दिले गेले, पण तसा अपवाद दर वेळी होईल, या भरवशावर राहता येत नाही.

आता विचार करा. ज्या सर्व्हरवर आपल्या सर्वांच्या शेअरची, ठेवींची, टनेजची आणि बिलांची नोंद आहे, त्याचे मागचे दार केवळ काट्याच्या एका संगणकासाठी उघडे ठेवायचे काय? भर हंगामात तो सर्व्हर कुलूपबंद झाला तर? ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत त्याची रक्कम देणे बंधनकारक आहे. वजनाची नोंदच हाती नसेल, तर बिल काढायचे कशावर?

काय केले

म्हणून काटा आणि सर्व्हर यांच्यामध्ये एक तिसरा छोटा संगणक ठेवला आहे. त्याला जाळ्याची दोन कार्डे आहेत. एका कार्डाची तार फक्त काट्याकडे जाते. त्या बाजूला तो जुनी बोली बोलतो, आणि ऐकतो तेही एकट्या काट्याचेच. दुसऱ्या कार्डाची तार सर्व्हरकडे जाते, त्या बाजूला तो नवी बोली बोलतो. काट्याने टाकलेली नोंद तो उचलतो आणि दर काही मिनिटांनी पुढे पोचवतो. काट्याच्या संगणकाला इंटरनेट नाही. त्यात पेन ड्राइव्ह खुपसण्याची वाटही बंद केली आहे. म्हातारा माणूस घरात मानाने राहावा पण त्याला हमरस्त्यावर एकटा सोडू नये, तसा हा बंदोबस्त. काटा बदलेपर्यंतची ही तजवीज आहे, कायमची नाही. हे आम्ही आताच सांगून ठेवतो.

मग फेरफार होऊ शकतो कोठे?

सभेतल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे. तारेवरून जाताना आकडा आपोआप कमी-जास्त होत नाही. प्रत्येक पाकिटासोबत त्यातल्या मजकुराचा एक पडताळा-अंक जातो. वाटेत बिघाड होऊन तो जुळला नाही, तर ते पाकीट फेकले जाते आणि पुन्हा मागवले जाते. निरोप्या निरोप उशिरा पोचवील, मुळीच पोचवणार नाही, पण सतरा टनाचे सोळा टन तो आपल्या मनाने करीत नाही.

परंतु निरोप्या हा साक्षीदार नव्हे, हेही तितकेच खरे. त्याच्या हाती चुकीचा आकडा दिला, तर तो चुकीचा आकडाही तितक्याच इमानाने पोचवील. म्हणून लक्ष ठेवायचे ते दोन टोकांवर. एक टोक काट्याचे : प्लॅटफॉर्मखाली ऊस, चिखल अडकलेला नसावा, रिकामा काटा शून्य दाखवत असावा, सर्व चाके प्लॅटफॉर्मवर असावीत. दुसरे टोक माणसाचे : सर्व्हरवरची नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाला आहे आणि त्याने केव्हा काय बदलले. यापुढे अशा प्रत्येक दुरुस्तीची यादी दर पंधरवड्याला गट कार्यालयाच्या फलकावर लागेल.

वारणेचा धडा

या संदर्भात आपल्याच महाराष्ट्रातील एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९९८ साली वारणानगर परिसरात, कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी, संगणक केंद्रांचा प्रकल्प सुरू झाला. गावातल्या केंद्रावरच ऊस उत्पादकाला नोंद, तोडीची परवानगी, वजनाची माहिती मिळावी हा हेतू. पुढे काही वर्षांनी तेथे वेगळा प्रयोग झाला. गावातल्या जुन्या संगणकाच्या जागी साधा मोबाईल फोन ठेवायचा आणि लघुसंदेशाने तीच माहिती मागायची व मिळवायची. शेतकऱ्याला हवी होती दोन-चार आकड्यांची माहिती, तेवढ्यासाठी अख्खा संगणक सांभाळण्याची गरज नव्हती. निरोप्या कोणताही चालेल, निरोप वेळेवर आणि बरोबर पोचला पाहिजे, हा त्यातला धडा आम्ही घेतला आहे.

सभासदांना विनंती

१. काट्याची पावती गाडीवानाकडून त्याच दिवशी घ्यावी आणि बिल हाती येईपर्यंत जपून ठेवावी. जाळे बंद असो वा चालू, तीच आपला पुरावा आहे.

२. पावतीवर भरलेले, रिकामे आणि निव्वळ अशी तीन वजने असतात. वजाबाकी स्वतः करून पाहावी. उदाहरणार्थ, भरलेले २४.३५० टन, रिकामे ७.१२० टन, तर निव्वळ १७.२३० टन आले पाहिजे.

३. आपला कोड नंबर आणि गट क्रमांक बरोबर आहे ना, ते पाहावे. घोटाळे होतात ते बहुधा येथे.

४. दुसऱ्या दिवशीपर्यंत मोबाईलवर संदेश आला नाही, तर गट कार्यालयात पावती दाखवून तोंडी नव्हे, लेखी नोंद करावी. "सिस्टीम बंद आहे" एवढ्या उत्तरावर परत फिरू नये. केव्हापासून बंद आहे आणि आपली नोंद काट्याच्या संगणकात आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे देणे कर्मचाऱ्यांवर बंधनकारक केले आहे.

५. येत्या हंगामात मोळी टाकण्यापूर्वी काट्यावर चाचणीची गाडी चढवून तिची नोंद बिलापर्यंत जाते का, हे पाहिले जाईल. त्या वेळी प्रत्येक गटातून दोन सभासदांनी हजर राहावे. तारीख फलकावर लावू.

ऊस आपला, काटा आपला आणि कारखानाही आपलाच. मधल्या वाटेवर काय चालते, ते विचारण्याचा सभासदाला पूर्ण अधिकार आहे. सभेत ज्यांनी प्रश्न विचारला, त्यांचे आम्ही मनापासून आभार मानतो. त्यांनी विचारले म्हणून आम्हालाही आमचे घर पुन्हा एकदा तपासावे लागले.



— संगणक विभाग व संपादक मंडळ